लोणच्याच्या बरणीला टेकलेला बाप

मी जळका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लहानपणी मोठ्या भावाला नवी चड्डी शिवली की माझ्या पोटात दुखायचं, आणि खरोखर दुखायचं, आई ओवा द्यायची. वनरक्षक म्हणून नोकरीला लागलो तेव्हा सोबतच्याला गस्तीसाठी रस्त्याकडेचं बीट मिळालं आणि मला जंगलातलं आतलं, तर मी वर्षभर त्याच्याशी धड बोललो नाही. माझ्याच लग्नात बायकोच्या मावसभावाने तिला जरा जास्त हसवलं म्हणून मी पंगतीतून उठायला निघालो होतो. मामाने दटावलं, "नवरदेव हायेस, बस खाली," तेव्हा बसलो. पण या सगळ्यांना निदान स्वतःचं वेगळं तोंड होतं. ज्याच्यावर मी आयुष्यात सगळ्यात जास्त जळलो त्याला माझंच तोंड होतं, आणि तो जेमतेम एक मिनिट दहा सेकंदांचा होता.

मुलगी सहा महिन्यांची असताना माझी बदली गडचिरोलीच्या आतल्या भागात झाली. बायको चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावाजवळ एका खेड्यात शाळेत शिकवते, म्हणून बिऱ्हाड मूललाच राहिलं. बसस्टँडच्या मागे दोन खोल्या, बसचा हॉर्न घरात ऐकू येईल इतक्या जवळ. मी दर पंधरा दिवसांनी शनिवारी घरी यायचो आणि सोमवारी सकाळी सहाच्या गाडीने परत जायचो. गडचिरोलीला उतरून दुसरी बस, आणि शेवटचे काही मैल कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे. वनखात्याच्या नाक्यावर पोचेपर्यंत मुलीच्या अंगाचा वास शर्टातून गेलेला असायचा.

नाक्यावर नेटवर्क नव्हतं. थोडं चालून गेलं की एक मोठा खडक होता, त्यावर चढून उत्तरेकडे तोंड केलं तर फोनवर दोन काड्या यायच्या. संध्याकाळी मी तिथे उभा राहून घरी व्हिडिओ कॉल लावायचो. अर्ध्या वेळा चित्र गोठायचं आणि माझा चेहरा आऽ केलेला तसाच घरी अडकून पडायचा. असंच एकदा मी अडकलो असताना पोरीनेही आऽ केलं. बायकोने चपळाईने घास भरला. नऊ महिन्यांची पोर, एरवी एका घासाला घर डोक्यावर घ्यायची, आणि माझं तोंड उघडं पाहून मुकाट जेवली.

बायको म्हणाली, "तुम्ही दिसले का ते घास घेते. तं रोज साडेनऊले फोन लावत जा. मले दहाच्या आत शाळेत जा लागते."

सकाळी साडेनऊला मी गस्तीवर असायचो, खडकापासून कुठल्या कुठे. मग मीच तोड काढली आणि तेव्हा मला त्या तोडीचा मोठा अभिमान वाटला होता. म्हटलं, मी बोललेलं व्हिडिओत भरून पाठवतो. रोज तेच दाखव. नेटवर्क असो नसो, बाप हजर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या दिवशी मी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि खडकावर जाऊन एकामागून एक बारा व्हिडिओ भरले. एकात गाणं म्हटलं, एकात अस्वलासारखं चालून दाखवलं, एकात मोराचं पीस डोक्याला लावलं. पोरीने अकरा नापास केले. तिला आवडला तो सगळ्यात साधा. त्यात मी विचारतो, "जेवली का माहं पिल्लू?" आणि जरा थांबतो. मग विचारतो, "काय जेवली?" पुन्हा जरा थांबतो, "अरे वा!" म्हणतो. मग, "कोण आलं होतं आज?" इथे मी बराच वेळ थांबलो आहे, कारण मागच्या झाडावरून वानर धपकन उतरलं आणि मी मान वळवून त्याच्याकडे पाहत राहिलो. मग परत तोंड फिरवून, हसून, "शाबास माही वाघीण! आता मोठा घास घे. आऽ." संपलं.

पुढची अडीच-तीन वर्षं माझ्या मुलीने सकाळ-संध्याकाळ या माणसासोबत जेवण केलं. एका जेवणाला तो पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

त्याची माझी समोरासमोर गाठ पडली ती पोर दोन वर्षांची असताना. रेंजरसाहेबांच्या गाडीत जागा मिळाली म्हणून त्या शनिवारी मी लवकर पोचलो. रुमालात पोरीसाठी तेंदूची टेंभरं बांधून आणली होती, पिकलेली, पिवळीधम्मक. चपला काढतो तोच आतून एका पुरुषाचा आवाज आला, "जेवली का माहं पिल्लू?" माझ्या घरात, माझ्या पोरीला पिल्लू म्हणणारा हा कोण, म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग आवाज ओळखीचा वाटला. आपलाच आहे हे कळल्यावर तरी तिळपापड थांबायला हवा होता, पण तो थांबला नाही.

आत गेलो. पोर जमिनीवर मांडी घालून बसलेली, समोर लाकडी स्टूल, स्टुलावर लोणच्याची बरणी आणि बरणीला टेकवलेला फोन. मी खाली बसलो, रुमाल सोडला आणि म्हटलं, "पिल्लू, हे पाह्य." तिने माझ्याकडे न बघता हात वर केला, सभेत मध्येच बोलणाऱ्याला गप्प करतात तसा. तो बोलत होता ना. मी थांबलो. तिने त्याला सांगितलं, "हो." मग सांगितलं, "भात." मग तो वानराकडे बघत असताना त्याला दारात येणाऱ्या मांजरीची सगळी हकिकत सांगितली. माझ्याकडे वळली तेव्हा तिचं पोट भरलं होतं आणि बोलणंही संपलं होतं. टेंभरं बायकोने खाल्ली.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी घरी यायचो आणि त्याला बघून जळायचो. त्याची दाढी रोज केलेली असायची, माझी वाढलेली आणि पोरीच्या गालाला टोचणारी. त्याला बसचा वास नव्हता. त्याच्या कमरेत उसण भरत नव्हती. तो भाजीत मीठ कमी म्हणत नव्हता, कोणाला पाणी मागत नव्हता, आणि सोमवारी त्याला कुठे जायचं नव्हतं. जेवायची वेळ झाली की हजर, जेवण झालं की गप्प. मी पोरीला उचललं की ती अंग ताठ करायची आणि मान वाकडी करून स्टुलाकडे बघायची.

मी एकदा बायकोजवळ बोललो. ती भांडी घासत होती. म्हणाली, "तुमचंच थोबाड हाये ना थे? मंग कोणावर जळून राह्यले?" तिने ते हसण्यावारी नेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची तरी कोणाकडे.

पोर तीन वर्षांची झाली तेव्हाची पौर्णिमा आठवते. विहारात वंदना झाली होती, बायका खीर वाटत होत्या. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी पोरीला जवळ घेतलं. त्यांना लेकरांची फार हौस, म्हणून लाडाने विचारलं,

"नाव काय वो तुमचं, बाई?"

पोर त्यांच्या गुडघ्याकडे बघत म्हणाली, "हो."

"अगं, नाव सांग ना. कोणाची तू?"

"भात."

सगळे हसले. म्हाताऱ्या बाईंनी हसत हसत तिसरं काहीतरी विचारलं, आणि पोरीने गुडघ्यालाच मोठी गोष्ट सांगायला घेतली. मध्ये कोणी काही म्हटलं तरी थांबेना. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. बायको हसली नाही, ती खिरीचं पातेलं धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या सेविकाबाई आपण होऊन घरी आल्या. वयाने आमच्यापेक्षा मोठ्या, कडक, गल्लीतली अर्धी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"भाऊ, राग नोका मानू. पोट्टी हुशार हाये. शब्द तिच्यापाशी लय हाये. पन ते कोणासंग बोलत नाई. मी पहिलं काही इचारलं का ‘हो’ म्हन्ते, दुसरं इचारलं का ‘भात’. तिसऱ्याले गोष्ट सांगते. लेकरं खेळाले जवळ आले तं त्यायच्या तोंडाकडं पाहतच नाई, गुडघ्याकडं पाह्यते. आन समोरच्याचं आयकत नाई, आपला नंबर येवाची वाट पाह्यते. मले सांगा, हे असं कोणी शिकवलं तिले?"

आम्ही दोघांनी एकदमच स्टुलाकडे पाहिलं. बरणी तिच्या बसल्या डोळ्यांच्या उंचीला होती. उभ्या माणसाचं त्या उंचीला जे असतं, ते गुडघे.

बाईंनी व्हिडिओ पाहिला. दोनदा पाहिला. म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या मनानं केलं, भाऊ. पन लेकरू कसं शिकते? त्यानं येक म्हटलं का आपून येगळं काही म्हणतो, मंग त्याले इचार करा लागते. हा तं रोज तेच म्हन्ते. तिनं काही म्हटलं तरी शाबासच म्हन्ते. पाठ झालं तिले, बोलनं नाई आलं. आत्ताच हात धरा तिचा. मोठी झाली का मंग जड जाईन."

त्या गेल्यावर मला आधी पश्चात्ताप वाटायला हवा होता. मला वाटला तो हेवा. वाईट का होईना, तिला बोलायला त्याने शिकवलं होतं. हो त्याचा, भात त्याचा, मांजरीची गोष्ट त्याची. मी तिला काय शिकवलं होतं, तर सोमवारी टाटा करायला.

मी बदलीचा अर्ज केला. कारणाच्या जागी ‘मुलीचे संगोपन’ लिहिलं, साहेबांनी ते वाचून भुवया उंच केल्या. सात महिने गेले. तेवढ्यात बायकोने व्हिडिओ कमी करून पाहिला. संध्याकाळचा बंद झाला, सकाळचा काही होईना. पावणेदहाला कुलूप लावून पोरीला अंगणवाडीत सोडायचं, आणि पोर तोंड मिटून बसलेली. शाळेत उशीर झाला की हेडमास्तर घड्याळाकडे बघायचे. मी लांब बसून उपदेश करायचो, की जरा धीर धर. तिने एकदा फोन ठेवून दिला.

शेवटी ऑर्डर आली. मूलपासून मोटरसायकलने जाण्यासारखं बीट मिळालं. सोमवारी हजर व्हायचं होतं, मी मंगळवारीच ट्रंक-गादी घेऊन घरी आलो. मनात पक्कं होतं, या पाच दिवसांत त्या माणसाचा निकाल लावायचा. पोरीला बोलतं करायचं, आणि माझ्याशी बोलतं करायचं.

बुधवारी सकाळी मी स्टूल कोपऱ्यात सरकवलं आणि तिच्यासमोर स्वतः बसलो. म्हटलं, "आज व्हिडिओ नाई. आज खरा बाबा." ती माझ्या खांद्यावरून कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघत राहिली. मी विचारलं, "काल कुठी गेली होतीस आईसंग?" उत्तर नाही. "मांजर कुठी हाये?" नाही. घास पुढे केला, तिने तोंड फिरवलं. पुन्हा केला, पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा मी ओरडलो आणि ताट जमिनीवर आपटलं. वरण उडून तिच्या कपाळाला लागलं. ती रडलीसुद्धा नाही, नुसती भिंतीला चिकटली. बायकोने पदराने तिचं तोंड पुसलं, स्टूल ओढलं आणि फोन बरणीला टेकवला. मी अंगणात निघून गेलो.

गुरुवारी मी अंगणात मोटरसायकलची चेन आवळत होतो. खिडकी उघडी होती. आत माझा आवाज सुरू झाला. जेवली का, हो. काय जेवली, भात. कोण आलं होतं आज? मग ती वानराची लांबलचक जागा आली, आणि माझी मुलगी त्याला सांगू लागली.

"एक बाबा आला. तो जातच नाई. ओरडते. ताट आपटते. मले भेव लागते. तू ये ना. त्याले हाकल."

आणि माझाच आवाज म्हणाला, "शाबास माही वाघीण!"

हातातला पाना मी कधी खाली ठेवला आठवत नाही. मला तिच्या भीतीची लाज वाटली असती तर मी बरा माणूस ठरलो असतो. लाज नंतर वाटली. आधी वाटलं ते हे, की हिला सांगायचं होतं, मनातलं सगळं नीट, ओळीने सांगता येत होतं, आणि ती ते कोणाला सांगत होती, तर ज्याला कान नाहीत त्याला. माझे दोन्ही कान खिडकीबाहेर उघडे होते.

संध्याकाळी बायको नळावर गेली. फोन चार्जिंगला होता. मी व्हिडिओ काढून टाकला. काढून टाकलेल्या गोष्टी फोन आणखी एका खान्यात जपून ठेवतो, हे मला माहीत होतं. तिथूनही काढला. वणवा अडवायला जाळरेषा मारताना मधे वाळलेलं पान राहू द्यायचं नसतं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. ज्या फोनवर मी तो भरला होता तो दोन पावसाळ्यांपूर्वीच नाल्यात पडला होता. बाकीचे अकरा बायकोने जागा होत नाही म्हणून केव्हाच पुसले होते. कोणाकडे काही उरलं नाही. त्यानंतर दहाएक मिनिटं मी फार खुशीत होतो, पोरीला घेऊन अंगणात दोन फेऱ्याही मारल्या.

शुक्रवारी सकाळी बायको फोन चाळत राहिली. वर, खाली, पुन्हा वर. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही?"

"हो."

"काऊन?"

मी तिला खिडकीतून ऐकलेलं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, बरं केलं. ती फोन हातात धरून बसली आणि आवाज न चढवता म्हणाली, "मले माहीत हाये ते वाईट होतं. सेविकाबाईनं सांगतलं तवापासून मी रोज सकाळी चोरावानी लावून राह्यली थे. पन तुम्ही पंधरा दिवसाचे पाहुने होते. तिच्यासाठी घरी राहणारा बाप थोच होता. असा एका दिवसात मारतेत का कोणी?"

पोरीने त्या दिवशी काही खाल्लं नाही. दूध दोन घोट. फोन हातात घेऊन ती बोटाने घासत बसली, वर, खाली, आईने केलं होतं तसं. दुपारपर्यंत तिने विचारायचंही सोडलं. शनिवारी तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. हो नाही, भात नाही. मांजर येऊन ताटाजवळ बसली, तिला हुसकावलंही नाही. सेविकाबाई आल्या, तिच्याशी बोलून पाहिलं, आणि जाताना मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "हा हट्ट नोय, भाऊ. लेकराचं माणूस गेलं तं लेकरू असंच बसते. तोंड उघडलं नाई तं चंद्रपूरले डाक्टरले दाखवा, उशीर नोका करू." मला हवं होतं की तिने त्याच्याशी बोलणं सोडावं. तिने सगळ्यांशीच सोडलं होतं. तीन वर्षांच्या बोलण्यावर मी एका बोटाने बोळा फिरवला होता, आणि ते परत येईल की नाही हे सेविकाबाईंनाही सांगता येत नव्हतं.

रविवारी दुपारी मी दाढी केली. लग्नाला निघाल्यासारखा धुतलेला शर्ट घातला, स्टूल आणि बरणी बाजूला केली आणि त्या जागी बसलो. उंची जुळावी म्हणून पाठ वाकवून बसलो. बायकोने ताट आणून ठेवलं. मी म्हटलं, "जेवली का माहं पिल्लू?"

ती माझ्या गुडघ्याकडे बघत होती. मी थांबलो. "काय जेवली?" पुन्हा थांबलो. आणि पुढचं काही आठवेना. जो माणूस मी पुसला होता त्याचे शब्द मलाच पाठ नव्हते. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "वा वा!"

"असं नाई," ती म्हणाली.

बायको दारात होती, तिने दाराची चौकट धरली. मी हललो नाही. हळू विचारलं, "मंग कसं?"

"अरे वा."

"अरे वा."

"हासून."

मी हसलो.

"एवढं नाई."

कमी हसलो. तिने तेही नापास केलं. कसलीही दया न दाखवता ती मला शिकवत होती. भुवया वर, मग आवाज, मग दात. मी जंगलखात्याचा माणूस, वरिष्ठांच्या तपासणीत कधी एवढा घाबरलो नव्हतो. आणि इतक्यातही मला त्याचा राग येत होता. माझं हसू माझ्या पोरीला त्याच्या हसण्यापुढे खोटं वाटत होतं.

कसाबसा मी "कोण आलं होतं आज?" पर्यंत पोचलो. ती म्हणाली, "तिकडं पाह्य." म्हणजे वानराकडे. मी मान वळवून मागच्या भिंतीकडे बघत राहिलो. कॅलेंडर, त्याखाली खिळा, खिळ्याला पिशवी. पाठीमागून तिचा आवाज आला.

"कोणी नाई आलं. बाबा गेला."

आता माझी पाळी होती. पुढचा शब्द शाबास होता आणि ती त्याची वाट बघत होती. तो शब्द मला बाहेर काढता येईना. मी तोंड फिरवलं आणि त्यात कुठेच नसलेलं विचारलं.

"कुठी गेला?"

ती दचकली. तिची नजर गुडघ्यावरून शर्टावर आली, शर्टावरून वर, आणि माझ्या तोंडावर थांबली. हा शब्द कुठून आला ते शोधत असल्यासारखी ती बघत राहिली. मला वाटलं, आता भात म्हणते.

"दगडावर," ती म्हणाली.

"कोणत्या?"

"तिकडं. जंगलात. तिथी वानर हाये."

"अजून कोण हाये?"

"कोणी नाई." तिने विचार केला. अगदी दिसेल असा विचार केला. "तो सगळ्यायले विचारते, जेवली का. त्याले कोणीच नाई विचारत."

 त्या खडकावरच्या तीन वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं, मीही कोणाला सांगितलं नव्हतं. आणि आता हे ती त्याच्याबद्दल म्हणत होती, माझ्याबद्दल नाही. मी तिथेच समोर बसलेलो, पाच दिवस घरात, आणि तिची सगळी माया त्या दगडावर उभ्या माणसाला. मी जळत होतो, खोटं कशाला सांगू. पण त्याच्याबद्दल विचारलं तरच ती बोलत होती. म्हणून मी विचारत राहिलो. त्याला थंडी वाजते का. वाजते. त्याच्याकडे चादर आहे का. नाही, शर्ट आहे. तो रडतो का. नाही, तो हसतेच. मग तू त्याला काय काय सांगायचीस? ते तुले नाई सांगत. बरं, मांजरीचं तरी सांग. ते सांगितलं. प्रत्येक वेळी वेगळं विचारलं, प्रत्येक वेळी वेगळं उत्तर आलं. मध्येच तिने आपल्या हाताने वरणभात कालवला आणि खाल्ला, कोणी आऽ न करता. बायको दारातच खाली बसली होती.

ताट रिकामं झालं तेव्हा पोरीने मला विचारलं. तिने मला आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न.

"तू कवा जाशीन?"

"मी नाई जात आता."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून आपण आवाज खाली आणतो तसा आणून म्हणाली, "सोमवारी जाजो."

सोमवारी मी सहाच्या आधीच उठलो होतो. नव्या बीटावर नऊला पोचायचं होतं, घाई नव्हती. दारात चूळ भरत होतो तर ती डोळे चोळत बाहेर आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. स्टँडवर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. हॉर्न वाजला, गाडी वळली, गेली. ती रस्त्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग माझ्या रिकाम्या हातांकडे.

"तुझी बस गेली," ती म्हणाली.

"जाऊ दे."

 ती वळून आत गेली. बायको गॅसपाशी होती, चहाचं आधण ठेवत होती. मला बाहेर दोघींचं ऐकू येत होतं.

"आई, त्याची बस गेली."

"मंग?"

"मंग राहू दे त्याले."